वस्त्रावरील शाई : खूण, डाग आणि घरगुती उपायांचा इतिहास

१. विषयाची मर्यादा

वस्त्रावर पडलेला शाईचा डाग हा विषय सकृद्दर्शनी इतिहासाच्या कक्षेत येण्याजोगा वाटत नाही. तो गृहकृत्यांत मोडतो, आणि गृहकृत्यांची दप्तरे सहसा कोणी राखून ठेवीत नाही. तथापि ज्या समाजात लेखन आहे त्या समाजात शाई आहे, आणि जेथे शाई आहे तेथे ती कागद सोडून वस्त्रावर सांडणारच. तेव्हा शाई करणाऱ्याच्या विद्येबरोबरच ती काढणाऱ्याची विद्याही वाढत गेली असली पाहिजे, हे उघड आहे. पहिलीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. दुसरीकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

हा प्रश्न आज उपस्थित होण्यास एक व्यावहारिक कारण आहे. शाळकरी मुलाच्या सदऱ्यावर मार्करची रेघ उमटली की घरातील वडीलधारी स्त्री लिंबू आणि मीठ चोळून कपडा उन्हात टाकावयास सांगते. डाग जात नाही. मग कोणी म्हणतो, जुने उपाय ही निव्वळ समजूत होती; कोणी म्हणतो, हा डाग जाणाराच नव्हे. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. लिंबू आणि ऊन हा उपाय खरा होता, परंतु तो दुसऱ्या शाईवरचा होता. शाई बदलली आणि उपाय मात्र परंपरेने तसाच पुढे आला. हे कसे घडले, ते पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. बिब्ब्याची खूण

वस्त्रावरील काळा डाग हा नेहमीच नकोसा असतो असे नाही. परिटाच्या व्यवसायाला तो आवश्यकच होता. अनेक घरांचे कपडे एकाच भट्टीत उकळून, एकाच घाटावर आपटून, पुन्हा ज्याचे त्याला पोचते करावयाचे म्हणजे प्रत्येक कपड्यावर न धुपणारी खूण हवी. ही खूण परीट बिब्ब्याने करीत. फळास टोचून निघणाऱ्या तेलकट, दाहक रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर ठिपके, रेघा वा फुल्या काढावयाच्या आणि त्यांवर चुना लावावयाचा, ही त्याची रीत. रस हवेत काळा पडतो, चुन्याने तो पक्का होतो, आणि साबण, सज्जीखार व उकळते पाणी यांपैकी कशानेही निघत नाही.

इंग्रजांनी या फळास खुणेचे फळ असेच नाव दिले. धाकट्या लिनियसने अठराव्या शतकाच्या अखेरीस या वृक्षाचे शास्त्रीय नाव ठरविताना ‘सेमेकार्पस’ हा ग्रीक शब्द योजिला. त्याचाही अर्थ ‘खुणेचे फळ’ असाच होतो. अर्थात परिटाचा हा उपयोग वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत कायमचा नोंदला गेला आहे.

बिब्ब्याच्या रसातील मुख्य द्रव्ये लांब शृंखलेची फिनॉले होत. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ती एकमेकांत गुंततात व धाग्यावर एक न विरघळणारा थर तयार होतो. जपानी लाखेच्या झाडाचा चीकही याच तऱ्हेने घट्ट होतो. काजू आणि आंबा ही झाडे याच कुळातील आहेत. म्हणजे बिब्ब्याची खूण ही केवळ वस्त्राला लागलेली शाई नसून वस्त्रावरच तयार झालेले रोगण आहे. ती धुऊन जात नाही याचे कारण हेच.

या टिकाऊपणाची किंमत मात्र माणसाच्या कातडीने मोजली. बिब्बा ‘उतणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आहे तो उगाच नव्हे. आणि चांगल्या कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचारही याच दाहक फळाच्या अनुभवातून आलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांना, कपड्यावरील परिटाची खूण जेथे अंगास लागे नेमक्या तेथेच, मानेवर वा कमरेवर, पुरळ उठू लागले. लष्करी वैद्यांनी १९४३ मध्ये या विकाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. धुऊन आलेल्या कपड्यातही रस दाह करण्याइतका शिल्लक राहतो, हे त्यावरून सिद्ध झाले. खूण करणाऱ्या परिटाचे आणि गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या मजुरांचे हात तर या रसाने नित्यच पोळत आले आहेत.

३. काजळाची शाई

लेखनाची सर्वांत जुनी शाई काजळाची. दिव्याचे काजळ, डिंक आणि पाणी हे तिचे घटक. बोरूने मोडी लिपीत लिहिलेली दप्तरे शतकानुशतके काळीभोर राहिली, ती कोळशाच्या कणांवर ऊन, हवा वा सौम्य आम्ले यांचा परिणाम होत नाही म्हणून. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस वाहिला आहे. त्यात बोरू व कागद यांच्याबरोबर मसी आणि हिंगूळ यांच्या संग्रहाचीही काळजी घेण्यास सांगितले आहे. मराठीतील ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ काळेपणा असाच आहे.

काजळाची शाई अत्यंत टिकाऊ, पण तिची पकड दुबळी. कण धाग्यांच्या फटींत अडकतात. धाग्याशी त्यांचा रासायनिक संयोग होत नाही. डिंक पाण्यात विरघळला की शाई सुटते. रोमन कवी मार्शल याने आपल्या पुस्तकाबरोबर एक स्पंज पाठविल्याचा उल्लेख केला आहे. ओल्या स्पंजाने पपायरसावरील लेखन पुसून जाई. वस्त्राच्या बाबतीत मात्र कण बारीक असल्याने ते खोल शिरतात, आणि चोळल्यास अधिकच पसरतात. येथे उपाय रासायनिक नसून यांत्रिक असतो : डाग ओला असतानाच भरपूर पाणी, फेस आणि धीर.

फेस देणारी द्रव्ये भारतात फार पूर्वीपासून माहीत होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्त्रशुद्धीची जी व्यवस्था दिली आहे ती या दृष्टीने लक्षणीय आहे. रेशीम व लोकर यांना खारी माती, कुतप नामक कांबळ्यास रिठे, अंशुपट्टास बेलफळ, क्षौम वस्त्रास पांढरी मोहरी, असा तेथे धाग्यागणिक वेगळा शोधक सांगितला आहे. त्या व्यवस्थेचा हेतू धार्मिक शुचिता हा असला, तरी तिच्यामागील अनुभव गृहस्थाचा आहे. एकच द्रव्य सर्व वस्त्रांना चालत नाही, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे.

युरोपात छपाई सुरू झाल्यावर याच अनुभवाची पुस्तके झाली. जर्मनीतील माइन्त्स येथे १५३२ मध्ये कपडे, मखमल व रेशीम यांवरील डाग काढण्याची आणि कापड रंगविण्याची एक लहान पुस्तिका प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये १५८३ साली लेनर्ड मॅस्कल याने अशाच विषयावरील पुस्तक डच भाषेतून इंग्रजीत आणले. त्याच्या लांबलचक शीर्षकात रेशीम, मखमल, ताग्याचे व लोकरी कापड यांचा निरनिराळा निर्देश आहे. डाग काढणे ही केवळ कानगोष्टीची विद्या राहिली नव्हती, याचा हा पुरावा होय.

४. लोहशाई आणि आम्ल

मायफळ किंवा हिरडा यांसारख्या तुरट फळांचा काढा आणि हिराकस यांच्या मिश्रणाने तयार होणारी शाई हा निराळाच पदार्थ आहे. तिच्यामागील विक्रिया प्राचीनांना ठाऊक होती. जंगालात हिराकसाची भेसळ ओळखण्यासाठी मायफळाच्या अर्कात भिजविलेला पपायरस वापरावा, भेसळ असल्यास तो काळा पडतो, अशी कसोटी रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दिली आहे. मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपचे बहुतेक महत्त्वाचे लेखन याच शाईने झाले. पुढे कचेऱ्यांतून टाकाने वापरली जाणारी निळी-काळी शाई ही हिचीच वंशज.

या शाईचे वैशिष्ट्य असे की लिहिताना ती फिकी असते आणि नंतर काळी होते. द्रवरूपात असताना ती धाग्यात मुरते. मग प्राणवायूशी संयोग पावून आतल्या आत काळा, पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. म्हणून हा डाग पाण्याने किंवा साबणाने जात नाही. साबणातील अल्कलीने तर तो तपकिरी होऊन अधिकच बसतो. परंतु त्याचे मर्म लोहात आहे. लोहाला धरून विरघळविणारे आम्ल मिळाले की काळेपणाची बांधणीच सुटते.

लिंबाचा उपाय येथे खरा ठरतो. लिंबातील सायट्रिक आम्ल लोहाशी विद्राव्य संयुग करते, आणि ऊन लागले असता त्या संयुगातील लोहाचे क्षपण होऊन डाग आणखी सुटतो. उन्हाचा हा परिणाम काल्पनिक नाही. सर जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये निळ्या छायाचित्रणाची जी पद्धत काढली तिचा पाया लोह-सायट्रेटावरील प्रकाशाची हीच क्रिया होय. ताकातील आम्ल सौम्य असल्याने त्याचा गुण मंद, पण दिशा तीच. ज्या गृहिणीने लिंबू पिळून कपडा उन्हात टाकला तिला रसायनशास्त्र अवगत नव्हते. तिचे निरीक्षण मात्र अचूक होते.

या अनुभवास शास्त्राची जोड अठराव्या शतकात मिळाली, आणि ती मुख्यतः एकाच माणसाकडून. स्वीडनमधील औषधविक्रेता कार्ल विल्हेल्म शेले याने १७७४ मध्ये क्लोरीन वायू मिळविला, १७७६ मध्ये साखरेपासून ऑक्झॅलिक आम्ल तयार केले आणि १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक वेगळे केले. शाई काढण्याच्या पुढील शंभर-दीडशे वर्षांतील तीन प्रमुख साधनांचे मूळ अशा रीतीने एका व्यक्तीच्या प्रयोगशाळेत आहे. क्लोरीनने रंग उडतो हे फ्रेंच रसायनज्ञ बेर्तोले याने १७८५ मध्ये दाखविले आणि १७९९ मध्ये चार्ल्स टेनन्ट याच्या विरंजक चूर्णाने ते सर्वांच्या आवाक्यात आले. चुका या भाजीच्या वर्गातील वनस्पतींतून मिळणारा ऑक्झॅलिक आम्लाचा क्षार ‘लिंबाचे मीठ’ या फसव्या नावाने इंग्लंडात घरोघर विकला जाई. तो लिंबापासून होत नसे आणि पोटात गेल्यास विषारी असे. नावाच्या भोळसटपणामुळे त्याचा धोका वाढलाच.

विसाव्या शतकाच्या आरंभी शाई काढण्यासाठी दोन बाटल्यांची जोडी विकली जाई : एकीत आम्ल, दुसरीत विरंजक. लोहाला आम्ल आणि रंजकाला विरंजक, अशी ती विभागणी होती. ही दोन द्रव्ये एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. एक बाटली वापरल्यावर कपडा पाण्याने स्वच्छ धुतल्याखेरीज दुसरी उघडू नये, हा नियम म्हणून प्राणरक्षणाचा होता.

५. डांबरातून आलेले रंग

विल्यम हेन्री पर्किन याने १८५६ मध्ये डांबरजन्य पदार्थांपासून जांभळा रंग तयार केला आणि शाईचा स्वभाव पुन्हा पालटला. शार्ल लोत याने १८६१ मध्ये मिथिल व्हायोलेट बनविले. ते पुढे कॉपिंग पेन्सिलीत आले. या पेन्सिलीचा डाग कोरडा असता करडा दिसतो आणि पाणी लागताच गर्द जांभळा होतो. ज्या पाण्याने काजळाची शाई सुटे त्याच पाण्याने हा डाग पसरू लागला. लिंबूही येथे निरुपयोगी, कारण या रंगात लोह नाही.

शाळांतून वापरली जाणारी निळी शाई सुदैवाने सौम्य होती. मुंबईत १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड व वड्या विकण्यास आरंभ केला. कॅमलिन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला उद्योग तो हाच. पाण्यात सहज विरघळणारी शाई बऱ्याच अंशी पाण्यानेच निघते. डाग ताजा असला म्हणजे झाले. अशा डागावर लिंबू लावले आणि मग कपडा धुतला, तर श्रेय लिंबाला मिळे. वस्तुतः काम पाण्याने केलेले असे. जुना उपाय नव्या शाईवर यशस्वी झाल्याचा आभास होऊन तो परंपरेत आणखी दृढ झाला, असे अनुमान करण्यास येथे जागा आहे.

हा आभास बॉलपेनने मोडला. हंगेरियन पत्रकार लास्लो बिरो याने १९३८ मध्ये या लेखणीचे पेटंट घेतले. १९४५ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कमध्ये बॉलपेनची विक्री सुरू झाली. त्यातील शाई पाण्यात नव्हे तर दाट सेंद्रिय द्रावकात कालविलेली असते. मार्करचा प्रश्न समजण्यास हीच पायरी महत्त्वाची आहे.

६. मार्कर

नमद्याच्या टोकाने खूण करणाऱ्या लेखणीचे पेटंट ली न्यूमन याने अमेरिकेत १९१० मध्ये घेतले. सिडने रोझेन्थाल याने १९५३ मध्ये शाईच्या बाटलीस नमद्याचे टोक बसवून तिला ‘मॅजिक मार्कर’ हे नाव दिले. जपानमध्ये युकिओ होरिए याने १९६२ मध्ये तंतूंच्या टोकाची लेखणी केली आणि ‘शार्पी’ हा मार्कर अमेरिकेत १९६४ मध्ये बाजारात आला. काच, पत्रा, प्लॅस्टिक, कापड अशा कोणत्याही पृष्ठभागावर न पुसणारी खूण हे या साधनाचे ध्येय. आरंभीच्या शायांत झायलीनसारखे उग्र वासाचे द्रावक असत. पुढे बहुतेक ठिकाणी त्यांची जागा अल्कोहोलांनी घेतली.

पक्क्या मार्करच्या शाईत तीन घटक असतात : रंजक, त्यास पृष्ठभागाशी चिकटविणारी राळ आणि दोहोंना पातळ ठेवणारा द्रावक. द्रावक उडून जातो, राळ व रंजक मागे राहतात. पाणी राळेला भेदू शकत नाही. परंतु जो द्रावक उडून गेला तोच, वा त्याच्या जातीचा, पुन्हा आणून दिला तर शाई पूर्ववत पातळ होते. मार्करचा डाग काढण्याचे सर्व घरगुती उपाय या एका वाक्यात सामावतात. स्पिरिट आणि २०२० च्या महामारीनंतर घरोघर आलेला हात निर्जंतुक करण्याचा सॅनिटायझर हे दोन्ही अल्कोहोलच होत. केसांवर मारावयाच्या फवाऱ्याची ख्यातीही त्यातील अल्कोहोलामुळे झाली. ज्या नव्या फवाऱ्यांत अल्कोहोल कमी असते त्यांनी डाग निघत नाही, तरीही सल्ला चालूच आहे. लिंबाची कथा येथे आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडत आहे.

द्रावकाने डाग काढण्याची ही कल्पना मार्करपेक्षा जुनी आहे. न्यू यॉर्कमधील कृष्णवर्णीय शिंपी टॉमस जेनिंग्ज याला कपडे कोरडे स्वच्छ करण्याच्या पद्धतीचे पेटंट ३ मार्च १८२१ रोजी मिळाले. पुढे कोरड्या धुलाईच्या धंद्यात प्रमुख झालेला टेट्राक्लोरोएथिलीन हा द्रावक मायकेल फॅरेडे याने त्याच वर्षी तयार केला होता, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

कृतीत दोन गोष्टींचे महत्त्व आहे. द्रावक शाई नाहीशी करीत नाही, तिला फक्त हलती करतो. तेव्हा तिला जावयास जागा दिली पाहिजे. म्हणून डागाची बाजू खाली करून कपडा जाड पांढऱ्या फडक्यावर वा टीपकागदावर ठेवावा, मागील बाजूने स्पिरिटाचा बोळा कडेकडून मध्याकडे टिपीत जावा आणि खालचे फडके रंगले की बदलावे. चोळल्याने वर्तुळ मोठे होते. डाग उतरणे थांबल्यावरच साबण व कोमट पाणी वापरावे आणि तो पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नये. उष्णतेने उरलेला रंग धाग्यात, विशेषतः कृत्रिम धाग्यात, कायमचा बसतो. दुसरी गोष्ट धाग्याची. नखांचा रंग काढण्याच्या काही द्रवांत असलेले अ‍ॅसिटोन ॲसिटेटचे कापडच विरघळविते. विरंजकाने लोकर व रेशीम नासतात. स्पिरिटाने कापडाचा मूळचा रंगही सुटू शकतो, यास्तव आधी शिवणीच्या आत परीक्षा करावी. चूल, दिवा व ठिणगी यांपासून हे काम दूर असावे हे सांगणे नलगे. धाग्यागणिक शोधक वेगळा, ही स्मृतिकारांची दृष्टी येथे पुन्हा उपयोगी पडते.

तथापि काही मार्करांत विरघळणाऱ्या रंजकाऐवजी कोळशाची बारीक पूड असते. स्पिरिटाने राळ सुटते, कण मात्र धाग्यांत अडकून राहतात. काजळाच्या शाईचा प्राचीन प्रश्न असा अगदी नव्या लेखणीत परत आला आहे. तेथे डाग फिका करण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

७. उपसंहार

बिब्बा आणि मार्कर यांना एकत्र ठेवून पाहिले असता या इतिहासाचा अर्थ उघड होतो. दोन्ही खुणेसाठी निर्माण झाले, दोन्हींचे भूषण न धुपणे हेच. आणि अनेक ठिकाणी परिटाच्या बिब्ब्याची जागा मार्करने घेतली, हा बदल त्याच्या हाताच्या कातडीला लाभदायकच झाला. परंतु बिब्बा सहसा परिटाच्या हातात असे, तो खूण करी ती कोपऱ्यात आणि जाणीवपूर्वक. मार्कर मुलाच्या दप्तरात आला. जी शक्ती एका व्यवसायाच्या शिस्तीत होती ती घरात मोकळी झाली, आणि खुणेचा डाग झाला.

‘पक्की शाई’ या शब्दप्रयोगातील पक्केपणा म्हणूनच निरपेक्ष नसतो. काजळ आम्लाला पक्के, पाण्यापुढे कच्चे. लोहशाई पाण्याला पक्की, लिंबापुढे कच्ची. मार्कर लिंबाला पक्का, स्पिरिटापुढे कच्चा. कोणताही डाग काढण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न ‘काय लावावे’ हा नसून ‘हे कशात कालविले होते’ हा आहे. जुन्या गृहिणीने आपल्या काळच्या शाईपुरते त्याचे उत्तर शोधले होते. तिचे लिंबू जसेच्या तसे पुढे चालविण्यात तिच्या ज्ञानाचा आदर नाही, आणि त्याला अडाणीपणा म्हणण्यात तर न्यायही नाही. तिने जे केले ते, म्हणजे समोरच्या डागाचे नीट निरीक्षण, पुन्हा करणे हाच त्या परंपरेचा खरा वारसा होय.